प्रवेश समितीला खुलं पत्र: ‘कॉलेजला का यायचंय’ हा रकाना एकदा स्वतः भरून बघा

कॉलेजांच्या प्रवेश समित्यांवर बसणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातलं मला कुणी ओळखत नाही आणि तशी गरजही नाही. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना शिकवते आणि फॉर्म सुटले की शिकवणं राहतं बाजूला, त्यांचे निबंध वाचणं हेच माझं काम होऊन बसतं. निबंध म्हणजे तो तुमचा रकाना हो, ‘तुम्हाला उच्च शिक्षण का घ्यायचे आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा’. हे ‘स्वतःच्या शब्दांत’ वाचलं की मला दरवेळी हसू येतं, कारण त्या रकान्यात स्वतःचे सोडून बाकी सगळ्यांचे शब्द येतात, क्लासवाल्यांचे, मोठ्या बहिणीचे, नेटवरच्या नमुन्यांचे आणि आता तर एआयचे पण, आणि हे तुम्हालाही चांगलं माहितीये, ते गठ्ठेच्या गठ्ठे शेवटी तुम्हीच वाचता ना.

सगळे निबंध ‘लहानपणापासूनच मला’ने सुरू होतात. सतरा वर्षांच्या पोराला लहानपणापासूनच डेटा सायन्सची आवड, सांगा आता. मग एक प्रसंग येतो, शक्यतो घरातल्या आजारपणाचा, त्यातून त्याला काहीतरी शिकवण मिळते, मग तुमच्या वेबसाइटवरून उचललेली दोन वाक्यं, ‘आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा’ वगैरे, आणि शेवटी समाजाची सेवा. मला समाजसेवेचं वावडं नाही. पण एवढी सगळी पोरं खरंच सेवा करायला निघाली असती ना, तर समाजाला गाव सोडून पळावं लागलं असतं.

मुद्दा आधीच सांगते, पाल्हाळ नंतर लावते. तुमचा प्रश्न चांगला आहे, फार चांगला आहे, पण तुम्ही तो चुकीच्या वेळी विचारता. पोराला दारात उभं करून, तुझ्या उत्तरावर आत घ्यायचं की नाही ते ठरेल असं सांगून विचारता, मग खरं उत्तर येणार कुठून?

मागे एक मुलगी माझ्यासमोर बसून हा रकाना भरत होती. हुशार, तोंडाने फटकळ. मी म्हटलं टाइप नको करूस, आधी मला सांग, का जायचंय तुला? तर म्हणाली, “मिस, खरं सांगू? मला एक दार पाहिजे.” म्हणजे काय गं? “म्हणजे खोलीला असतं ना, आतून लावता येतं ते. घरी मी वाचायला बसले की दर दहा मिनिटांनी हाक येते, हे दे, ते उचल, बाळाकडे बघ. होस्टेलच्या खोलीला दार असतं.” मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आणि मला ते काचेचं कळत नाही. काच वाळूपासून करतात ना, मग वाळूतून आरपार दिसत नाही आणि काचेतून कसं दिसतं? सरांना विचारलं तर म्हणे सिलॅबसमध्ये नाहीये.” (वाळूच्या कणाकणाच्या कडांवर प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि वितळून एकसंध काच झाली की त्या कडाच राहत नाहीत, असं आहे ते. सिलॅबसमध्ये असतं तर काय बिघडलं असतं.) मी म्हटलं हेच लिही, बोललीस तसंच्या तसं. तिने दोन्ही गोष्टी टाइप केल्या, एकदा वाचल्या, आणि मग बॅकस्पेसवर बोट ठेवलं ते रकाना कोरा होईपर्यंत उचललंच नाही. “याच्यावर नाही घेणार मिस.” आणि मग तिलाही लहानपणापासूनच रसायनशास्त्राची आवड निघाली.

तुमच्याकडे जो पोचला तो तिचा निबंध छान होता हो. स्पेलिंगची एक चूक नव्हती.

खरी कारणं माझ्या कानावर येतात कारण मी मार्क देत नाही, निदान त्याचे तरी नाही. नोकरी हे तर असतंच, आणि ते सांगताना पोरं मान अशी खाली घालतात की जणू काही चोरी केलीय. मग बाबा म्हणतात म्हणून. मित्र चाललेत म्हणून. घरातून सुटायचंय म्हणून, हे किती पोरं सांगतात तुम्हाला कल्पना नसेल, आणि त्यातल्या काहींचं सुटणं खरंच गरजेचं असतं. एकाला मोठ्या भावाला दाखवून द्यायचं होतं. एकाला नाटकात काम करायचं होतं आणि कॉलेजचा नाटकाचा ग्रुप सोडून त्याला तुमच्या एकाही विषयाशी काही देणंघेणं नव्हतं. एकजण मला शांतपणे म्हणाला की मला काय करायचंय तेच कळत नाहीये, कॉलेजला गेलो की तीन-चार वर्षं कुणी विचारणार नाही, तेवढा तरी टाइम मिळेल. मला ते उत्तर आवडलं. आपल्याला काय माहीत नाही हे ज्याला माहितीये तो निम्म्या वर्गाच्या पुढे आहे असं माझं आपलं मत, पण तुमच्या रकान्यात त्याला ‘ध्येय निश्चित नाही’ म्हणून बाहेर काढतील हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्याचंही ध्येय अर्ध्या तासात निश्चित झालं.

‘मित्र चाललेत म्हणून’ यावर तुमच्यातले काही जण नाक मुरडतील, तर व्हिन्सेंट टिंटो नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पोरं कॉलेज अर्धवट का सोडतात यावर 1975 मध्ये जी मांडणी केली ती आजही सगळीकडे वापरतात, आणि त्यात अभ्यासात मन रमणं जेवढं महत्त्वाचं धरलंय तेवढंच तिथल्या माणसांत रुळणंही धरलंय. म्हणजे ज्याचं कॉलेजात कुणीच नाही तो मार्क चांगले असूनही गळू शकतो. तेव्हा मित्रांसाठी येणारं पोर टिकायला एक कारण घेऊनच येतं.

आता तुमचं आवडतं वाक्य. ‘पूर्वीची मुलं ज्ञानासाठी यायची, आताची पॅकेजसाठी येतात.’ हे मी सत्कार समारंभात, मुलाखतीत, निरोप समारंभात, सगळीकडे ऐकलंय आणि बोलणारा माणूस नेहमी स्वतः पगारावर असतो. पूर्वीची म्हणजे कधीची हो? युरोपातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ म्हणून बोलोन्याचं नाव घेतात, 1088 हे त्याचं साल धरायची पद्धत आहे. तिथे लांबलांबून पोरं यायची ती मुख्यतः कायदा शिकायला, आणि कायदाच का, तर कायदा शिकलेल्याला चर्चमध्ये आणि राजदरबारी चांगल्या जागा मिळायच्या. झालं की, आलं की पॅकेज. आणि गंमत बघा, तिथे पोरांनीच संघ केले होते, मास्तर पोरंच नेमायची आणि तास उशिरा सुरू केला तर मास्तरला दंड, गावाबाहेर जायचं तर पोरांची परवानगी काढायची. (हा भाग स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचू नये.) त्या पोरांना कुणी ‘इथे का आलात’ असं विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. आली होती, फी भरत होती, शिकव म्हणत होती.

अर्थात काहीच बदललं नाही असंही नाही, खोटं कशाला बोलू. अमेरिकेत पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरांचा एक मोठा सर्व्हे 1966 पासून दरवर्षी होत आलाय, 1973 पासून बरीच वर्षं तो लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चालला. सुरुवातीच्या वर्षांत आयुष्याविषयी काहीएक अर्थपूर्ण तत्त्वज्ञान घडवणं हे खूप महत्त्वाचं असं म्हणणारी पोरं 80 टक्क्यांच्या वर होती आणि भरपूर पैसा हे महत्त्वाचं म्हणणारी निम्म्याहून कमी. पुढे 1980 च्या दशकापर्यंत हे उलटंपालटं झालं. तर तुमच्या वाक्यात तथ्य आहे, पण एका पिढीपुरतं आहे, आणि ती पिढी जग जरा सुस्थितीत असताना वयात आली होती. शिवाय त्याच सर्व्हेत कॉलेजला यायची कारणं विचारली की बहुतेक पोरं ‘चांगली नोकरी मिळावी’ वर पण खूण करतात आणि ‘मला आवडणाऱ्या गोष्टी शिकायच्यात’ वर पण करतात. दोन्हीवर. त्यांना त्यात काही विसंगती वाटत नाही. ती आपल्याला वाटते, कारण आपण रकाना एकच ठेवलाय.

बरं, आता खराखुरा एक निबंध सांगते. 1895 मध्ये एक सोळा वर्षांचा मुलगा झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला, गणित आणि फिजिक्स उत्तम पण बाकीचे विषय गडगडले. मग आराऊ नावाच्या गावातल्या शाळेत त्याने एक वर्ष काढलं आणि 1896 च्या सप्टेंबरात शेवटच्या परीक्षेत फ्रेंचच्या पेपरला त्याला निबंध आला, ‘माझे भविष्यातले बेत’. त्याचं फ्रेंच कच्चं, निबंध जेमतेम पानभर. त्यात तो सांगतो की परीक्षेत पास झालो तर झुरिकला जाईन, चार वर्षं गणित आणि फिजिक्स करेन, मग त्यातल्या थिअरीच्या भागाचा प्राध्यापक होईन असं वाटतं. आणि का, तर माझा कल अमूर्त आणि गणिती विचाराकडे आहे, आणि कल्पनाशक्ती आणि व्यवहारज्ञान माझ्याकडे नाही. शिवाय या धंद्यात एक प्रकारचं स्वातंत्र्य असतं ते मला आवडतं. बस. मुलाचं नाव आल्बर्ट आइनस्टाइन.

आता हाच निबंध आजच्या एखाद्या क्लासवाल्याला दाखवा. ‘कल्पनाशक्ती नाही’ हे पहिल्यांदा कापेल तो, व्यवहारज्ञान नाही हे तर कुणी लिहितं का, निगेटिव्ह इम्प्रेशन पडतं. ‘स्वातंत्र्य आवडतं’ म्हणजे शिस्त नको असं वाटेल, तेही काढ. उरलं काय? गणित आवडतं आणि प्राध्यापक व्हायचंय. मग म्हणेल लहानपणचा होकायंत्राचा किस्सा टाक, त्याने सुरू कर. आणि समाजाला काय फायदा ते कुठेय?

मला त्या निबंधात सगळ्यात काय आवडतं सांगू का, त्याची कारणं मोठी नाहीत. मला हे जमतं, ते जमत नाही, आणि कुणाच्या ताबेदारीत राहायचं नाही. माझ्या दारवाल्या पोरीचं आणि त्याचं तिसरं कारण तेच आहे की.

डार्विनचं तर अजून मजेशीर. त्याला आधी 1825 मध्ये एडिंबराला पाठवलं डॉक्टरकीला, कारण वडील डॉक्टर. त्या काळी भूल नव्हती, ऑपरेशन बघताना तो उठून पळाला आणि 1827 पर्यंत सगळंच सोडून घरी. मग वडिलांनी ठरवलं की आता पाद्री हो, म्हणून केंब्रिजला, 1828 मध्ये. म्हणजे तुमच्या रकान्यात त्याने काय लिहिलं असतं, तर लहानपणापासूनच मला देवाच्या सेवेची ओढ. तिथे जाऊन त्याने काय केलं तर भुंगेरे गोळा केले. वेडच लागलं होतं त्याला, एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मिळ किडे दिसले, दोन हातांत एकेक धरला, तेवढ्यात तिसरा दिसला तर हातातला एक चक्क तोंडात टाकला आणि त्या किड्याने तोंडात काहीतरी जळजळीत सोडलं, मग थुंकावा लागला. हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. तिथेच हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक भेटले, त्यांच्याबरोबर फिरणं सुरू झालं आणि त्याच ओळखीतून 1831 मध्ये बीगल जहाजाची जागा चालून आली. यायचं कारण वडिलांचं, राहायचं कारण किडे, आणि कामाला आलं ते तिसरंच काहीतरी. तुमच्या समितीने त्याला दुसऱ्या वर्षी बोलावून विचारलं असतं की का रे बाबा इथे आहेस, तर उत्तर खरं मिळालं असतं. पण दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही.

तुम्ही म्हणाल, अहो मॅडम, हेतूने फरक पडतो, त्यावर संशोधन आहे. आहे ना, मी पण वाचलंय. एमी रेझनेस्की, बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या 11,320 कॅडेट्सचा अभ्यास छापला. इथे का आलात याची कारणं त्यांच्याकडून नोंदवून घेतली होती आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचं काय झालं ते बघितलं. ज्यांना आतून अधिकारी व्हायचं होतं ती टिकली, पुढे गेली. आणि ज्यांच्याकडे आतलं कारणही जोरदार आणि बाहेरचंही जोरदार, म्हणजे करिअर, पैसा वगैरे, ती नुसत्या आतल्या कारणवाल्यांपेक्षा मागे पडली. दोन कारणं म्हणजे डबल जोर, असं होत नाही म्हणे. हे मला आधी पटलं नव्हतं, अजूनही पूर्ण पटत नाही कारण लष्कर वेगळं आणि कॉलेज वेगळं, पण आकडा मोठा आहे, उडवून लावता येत नाही.

पण त्यातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटते. त्यांना विचारलं ते आत घेतलेल्यांना विचारलं. उत्तरावर ॲडमिशन अवलंबून नव्हती. म्हणून उत्तराला किंमत होती. तुम्ही तोच प्रश्न उचलून गेटवर आणून ठेवलात आणि त्याला मार्क लावलेत, की दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्याची तयार उत्तरं आली. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे म्हटलं होतं ते इथे तंतोतंत लागू पडतं, एखाद्या मापावर काही ठरायला लागलं की लोक ते मापच सांभाळतात आणि मग त्या मापाने काही मोजता येत नाही.

आणि आतलं-बाहेरचं ही वाटणी पण दिसते तेवढी सरळ नाही. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये कॉलेजच्याच पोरांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती, काहींना त्याचे पैसे दिले, मग पैसे बंद केले आणि मोकळ्या वेळात कोण कोड्यांशी खेळत बसतं ते बघितलं, तर पैसे मिळालेल्यांचा रस कमी झाला होता. हा प्रयोग सगळ्यांना पाठ असतो. त्यापुढचं कुणी वाचत नाही. डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे अनेक वर्षं काम करून जे मांडलं त्यात खरी रेघ पैसा आणि ज्ञान यांच्यामध्ये नाहीच मुळी, ती आहे ‘मी ठरवलं’ आणि ‘मला करायला लावलं’ यांच्यामध्ये. नोकरीसाठी शिकणारी मुलगी, जिने स्वतः विचार करून ठरवलंय की मला स्वतःच्या पायावर उभं राहायचंय आणि त्याला ही डिग्री लागते, तिचं कारण अगदी तिचं स्वतःचं आहे. आणि ज्ञानासाठी शिकणारा तो मुलगा, ज्याला आईबाबांनी पाचवीपासून सांगितलंय की आपल्या घरात सगळे संशोधक आहेत, त्याचं कारण त्याचं नसूही शकतं. तुमच्या रकान्यात या मुलाचा निबंध जास्त चमकतो. तुम्हाला विचारायचं काय असतं, तर कारण किती उदात्त आहे. विचारायला पाहिजे होतं की कारण कुणाचं आहे, आणि ते पाचशे शब्दांत कळत नाही, साडेसहाशेतही नाही, अमेरिकेतल्या त्या कॉमन ॲप्लिकेशनमध्ये (एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अर्ज करता येतो तो) साडेसहाशेची मर्यादा आहे आणि तिथेही निबंध लिहून देणाऱ्यांचा धंदा जोरात आहेच. ब्रिटनमध्ये युकासने, म्हणजे तिथल्या विद्यापीठांचे प्रवेश अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेने, 2026 च्या प्रवेशापासून तो एकसलग निबंध मोडून तीन प्रश्न केलेत, त्यातला पहिला पुन्हा तोच, हा विषय का. निदान ‘विषय का’ विचारतात, ‘आयुष्य का’ नाही, एवढं बरं.

आता घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पोरांबद्दल, कारण माझ्याकडे ती जास्त येतात. ही पोरं ‘मला स्वतःचा शोध घ्यायचाय’ असलं काही बोलत नाहीत. घरच्यांना हातभार लावायचाय, धाकट्या भावाला वाट दाखवायचीय, आईने जे सोसलं ते वाया जायला नको, असं बोलतात. आणि मग तुमच्या माहितीपत्रकात वाचतात, स्वतःचा मार्ग निवडा, स्वतंत्र विचार करा, चाकोरी मोडा. मला एका मुलाने विचारलं होतं, मिस, घरच्यांसाठी शिकायचंय असं लिहिलं तर मी दबावाखाली आहे असं वाटेल का त्यांना? काय सांगणार. निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 2012 मध्ये नेमकं हेच तपासलंय. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची कारणं माणसांशी जोडलेली जास्त असतात आणि विद्यापीठांची भाषा असते एकट्याची. त्यांनी विद्यापीठाचं स्वागतपत्रच दोन प्रकारे लिहून पोरांना वाचायला दिलं, एकात स्वतःची वाट शोधा, दुसऱ्यात आपण सगळे मिळून शिकू, आणि मग शब्दांची कोडी वगैरे सोडवायला दिली. पहिलं पत्र वाचून पहिल्या पिढीची पोरं मागे पडली. दुसरं वाचल्यावर तो फरक उरला नाही. पत्र हो! एक कागद. तुमच्या ऑफिसातून दरवर्षी छापून निघतो, कुणी न वाचता सही करतं, तो.

आणि ज्यांची पोरं मोठी झालीत अशा बायका येतात फॉर्म घेऊन, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या खोटं लिहीतच नाहीत. एकीने एवढंच लिहिलं होतं, ‘राहून गेलं होतं.’ मी म्हटलं अजून थोडं वाढवा ना, शब्दमर्यादा आहे. म्हणाली, अजून काय लिहू, तेवढंच आहे.

तर मागणं काय आहे माझं. तो रकाना प्रवेशाच्या फॉर्ममधून काढा. ज्यावर ॲडमिशन ठरते तिथे ‘काय येतं’ ते विचारा, ‘का’ नको. नालंदाच्या दारावरचे पंडित तेच करायचे, सातव्या शतकात चिनी भिक्षू युआन श्वांग (आपल्या पुस्तकांतला ह्यूएन त्संग) तिथे जाऊन राहिला होता, त्याने लिहून ठेवलंय की बाहेरून वादाला येणाऱ्यांना दारातच अवघड प्रश्न टाकायचे आणि बरेच जण तिथूनच परत जायचे. कडक होतं, पण प्रामाणिक होतं, आणि युआन श्वांगचं स्वतःचं कारण काय होतं, तर हातातल्या ग्रंथांचे अर्थ एकमेकांशी जुळत नव्हते आणि त्याला मूळ बघायचं होतं. माझ्या काचवाल्या पोरीसारखंच. सगळ्यांनाच सारखं चांगलं येत असेल आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाका, हसू नका, नेदरलँड्समध्ये मेडिकलच्या जागा कित्येक वर्षं मार्कांचं वजन लावलेल्या लॉटरीने दिल्या, 2017 मध्ये बंद केली आणि नंतर पुन्हा परवानगी दिली. चिठ्ठीत हरलेल्या पोराला निदान असं वाटत नाही की माझं कारणच हलकं होतं.

‘का’ विचाराच, पण आत घेतल्यावर. पहिल्या महिन्यात, मार्क नाहीत, नाव घालायचं की नाही ते त्याच्यावर, आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर चालेल असं स्पष्ट छापून. मग दुसऱ्या वर्षी पुन्हा. मग शेवटच्या वर्षी. मला खात्री आहे की तीन वेळची तीन उत्तरं एकसारखी फार थोड्यांची निघतील, आणि तुम्हाला खरंच उत्सुकता असेल की पोरं तुमच्याकडे का येतात आणि का टिकतात, तर हा गठ्ठा वाचायला मजा येईल, आत्ताचा येत नाही, कबूल करा. कुणाचं कारण बाबांचं होतं आणि ते तसंच राहिलंय हे दुसऱ्या वर्षी कळलं तर त्याच्याशी बोलता येईल, विषय बदलून देता येईल. गेटवर कळून काय करता तुम्ही, फक्त नाही म्हणता.

आणि एक दुपार काढून समितीतल्या सगळ्यांनी हा रकाना स्वतः भरा. आत्ताचं उत्तर नको, सतरा वर्षांचे असताना कॉलेजला का गेलात ते, खरं खरं. कुणी हॉल तिकिटाच्या रांगेत भेटलेल्या मुलीसाठी गेलं असेल, कुणी घरच्या दुकानात बसायला लागू नये म्हणून, कुणी पहिला नंबर आला म्हणून, कारण पहिला नंबर आला की जातातच. एकमेकांना वाचून दाखवू नका हवं तर. फक्त तुमच्याच निकषाने त्याला मार्क द्या आणि स्वतःला ॲडमिशन मिळतेय का ते बघा.

पुढच्या वर्षीचे फॉर्म छापायला जायच्या आधी हे जमलं तर बरं होईल, कारण एकदा छापले की तुम्ही म्हणणार आता काही करता येत नाही. स्वागतपत्राचं मात्र याच वर्षी बघा, त्याला कसली मीटिंग लागत नाही.

आपली,
फॉर्म सुटले की निबंध वाचत बसणारी एक शिक्षिका